ऐकण्याच्या अंतरावर

बाई,

तुमचं नाव या लेखात येणार नाही. तुमच्या माहेरच्या गावाला मी वाई म्हटलं आहे, ते वाई असेलच असं नाही. तुमच्या भावाला आबा म्हणणार आहे. तुमच्या पदव्या, निबंध, समित्या हे सगळं कॉलेजच्या अंकात तुमच्या फोटोखाली येईल. ते लिहिणारे पुष्कळ आहेत. हा लेख मी दुसरीकडे देते आहे. उत्तर देणाऱ्याचं नाव छापायचं नाही, हा तुमचा नियम. तो कधी तुम्हालाच लावावा लागेल, हे मला गेल्या आठवड्यापर्यंत माहीत नव्हतं.

आपल्या अहवालाचं शेवटचं प्रकरण राहिलं आहे आणि ते आता मी लिहायचं असं ठरलं आहे. त्याच प्रकरणावरून आपलं भांडण झालं, शनिवारी. बुधवारी सकाळी तुम्ही गेलात. मधले दिवस मी साताऱ्याला घरी रुसून बसले होते. भांडताना मी तुम्हाला एक वाक्य बोलले. ते मागे घेतल्याशिवाय माझ्याकडून प्रकरण पुरं होणार नाही.

मी तुमच्याकडे कामाला आले तेव्हा मला मराठी येत होती, पण बोलता येत नव्हतं. वडील सैन्यात, शाळा इंग्रजी, आणि बुजरेपणा दोन्ही भाषांत सारखाच. सांगलीतल्या त्या खोलीत, कागदांच्या गठ्ठ्यांमागून, तुम्ही मला विचारलंत की बाप वारला तर कायद्याने मुलीला काय मिळतं. मी कलमं पाठ केली होती. घडाघडा इंग्रजीत म्हणून दाखवली. तुम्ही शेवटपर्यंत ऐकलंत.

‘बरोबर. आता हेच कुंडलच्या एखाद्या बाईला सांग.’

मी गप्प. मला वाटलं, संपलं सगळं. तुम्ही म्हणालात, ‘सोमवारपासून ये. बोलणारे माझ्याकडे पुष्कळ आहेत.’

आपला विषय तुम्ही कोणालाही एका दमात सांगायचात, अगदी एस.टी.च्या कंडक्टरलासुद्धा. कायद्याने मुलीला वाटा दिला, मग सातबारावर तिचं नाव का दिसत नाही? नदीचं पाणी उचलून रानात आलं, ऊस झाला, जमिनीची किंमत वाढली; तिथे बहिणींची हक्कसोडपत्रं वाढली की कमी झाली? बहिणीने आपला वाटा भावाच्या नावे सोडल्याचा तो कागद. त्यात ठरलेलं वाक्य असतं: कोणाच्याही दबावाशिवाय, राजीखुशीने. ते वाक्य खरं की खोटं, हे आपल्याला शोधायचं होतं.

आणीबाणी नुकतीच उठली होती. फॉर्म घेऊन बायका आल्या म्हणजे नसबंदीवालेच आले, असं समजून पुरुष मागच्या दाराने उसात पळत. एका गावात तुम्ही पारावर उभं राहून ओरडलात, ‘आवं, या परत! आम्हाला काही कापायचं नाही, नुसतं विचारायचंय!’ मी छत्रीत तोंड लपवलं. बायका पोट धरून हसल्या, आणि त्या दिवशी आपल्याला तीन घरी चहा मिळाला.

नागपंचमीची कल्पना तुमची. सासुरवाशिणींना शोधत गावोगाव कशाला हिंडायचं? पंचमीला सगळ्या माहेरी एका ठिकाणी सापडतात. आम्ही तुमच्या हाताखालची चौघं तुमच्यावर बेहद्द खूश झालो. त्या श्रावणात आपण कुंडलच्या बाजूची गावं भराभर संपवली. लिंबाला झोके बांधलेले, हातांवर ओली मेंदी, आणि मी प्रत्येकीपुढे फॉर्म धरून, ‘आपण आपला हिस्सा स्वखुशीने सोडलात का?’

‘अगं बया, ही तर रेडिओवानी बोलती!’ हौसाक्का म्हणाली. (नाव बदललं आहे, बाई, काळजी नको.) चाळिशीची असेल. मला हाताला धरून तिने खाली बसवलं. ‘ताई, बातम्या बंद करा आन् चुलीपाशी बसा. खुशीनं दिलं की. माझ्या भावाला देऊ न्हाई तर काय परक्याला देऊ?’

सगळ्यांचं उत्तर हेच. संध्याकाळी ‘होय’चा रकाना वरपासून खालपर्यंत भरलेला असायचा. इतकं स्वच्छ उत्तर क्वचितच मिळतं, असं आमच्यातला एकजण म्हणाला.

मला मात्र एक दिसलं होतं. हौसाक्काचा भाऊ दारात उभा होता. चांगला माणूस होता, त्यानेच आपल्याला घोंगडं अंथरून दिलं. पंचमीला चिरायचं नाही, तळायचं नाही, म्हणून भावजय चुलीवर दिंडं उकडत होती. मी हिश्शाचा प्रश्न वाचला तेव्हा तिचा हात चाळणीवर थांबला. हौसाक्काने आधी दाराकडे पाहिलं, मग चुलीकडे, आणि मग माझ्याकडे बघून उत्तर दिलं. पुढच्या घरी तेच. त्याच्या पुढच्या घरीही तेच.

मी तीन आठवडे कोणाला काही बोलले नाही. तुम्हाला तर नाहीच. कल्पना तुमची होती. शेवटी एका चिठ्ठीवर लिहिलं, ‘उत्तरं भावाच्या घरी घेतली. भाऊ दारात होता,’ आणि तुमच्या फायलीत सरकवून बाहेर पळाले.

दुसऱ्या दिवशी तुम्ही चिठ्ठी हातात धरूनच खोलीत आलात. सगळ्यांसमोर म्हणालात, ‘अख्खा श्रावण वाया गेला. मी घालवला.’

‘पण बाई, फॉर्म तर नीट भरलेत,’ कोणीतरी म्हणालं.

‘फॉर्म नीट आहेत. जागा चुकली. माहेरात बसून माहेराबद्दल कोण काय बोलणार? आणि हे मला कळू नये? मी काय विलायतेहून आले?’ मग माझ्याकडे वळलात. ‘आणि तू! तीन आठवडे हे पोटात ठेवून तुला जेवण कसं गेलं गं?’

ते ओरडणं होतं की शाबासकी, हे मला अजून ठरवता आलेलं नाही. पण एवढ्या मोठ्या माणसाने एवढ्या मोठ्याने ‘माझी चूक’ म्हटलेलं मी तोवर ऐकलं नव्हतं. आमच्या घरात नाही, शाळेत तर नाहीच. तुम्ही एकही फॉर्म फाडला नाहीत. प्रत्येकावर पेन्सिलीने एक नवा रकाना आखलात: ऐकण्याच्या अंतरावर कोण होते? आणि तो मला आठवून आठवून भरायला बसवलंत. भाऊ. भावजय. भाऊ आणि चुलता. मला सगळं आठवत होतं, कोण कुठल्या खांबाला टेकलं होतं तेसुद्धा. माझ्या गप्प बसण्याचा कोणाला उपयोग होऊ शकतो, हे मला त्या दोन दिवसांत कळलं.

मग आपण त्याच बायकांच्या सासरी गेलो. तिथे उत्तरं उलटली. ‘मन न्हवतं माझं, सही घेतली माझ्याकडनं,’ असं एकजण म्हणाली आणि मागे बसलेला तिचा नवरा हलकेच खाकरला, जसा मास्तर पाढा बरोबर म्हटल्यावर खाकरतो. आपण बाहेर आलो तेव्हा तुम्ही ओढ्याच्या दगडावर बसून हसत सुटलात. ‘तिथे भाऊ ऐकतोय, इथे नवरा ऐकतोय. ही बोलते कुठे?’ परतीच्या वाटेवर तुम्ही एकदम थांबलात. ‘माहेर आणि सासर यांच्या मधे काय असतं?’

‘ओढा,’ कोणीतरी म्हणालं.

‘एस.टी.,’ तुम्ही म्हणालात.

तुम्ही आम्हाला शिकवून एस.टी.त पाठवलंत. आधी सांगायचं आपण कोण, कशासाठी विचारतो, नाव कुठेही येणार नाही. ‘नको म्हणाली तर खिडकीबाहेर बघत बसायचं. ते तुला जमतं.’ आणि मला वेगळं एक वाक्य: ‘प्रश्न वाचू नकोस गं. विचार.’

त्या वर्षीची भाऊबीज करून तुम्ही वाईहून निघालात आणि आपण साताऱ्याच्या स्टँडवर भेटलो, पुढे सांगलीला बरोबर जायचं म्हणून. तुम्ही गाडीतून उतरलात तेव्हा पेन्सिल कानामागे खोचलेली होती. एका हातात हळदीची पुरचुंडी, आबांच्या रानातली. दरवर्षी आणायचात आणि ऑफिसात सगळ्यांना वाटायचात. पिशवीतून एक घडी केलेला फॉर्म डोकावत होता.

‘गाडीत काय लिहीत होतात, बाई?’

‘काही नाही. फॉर्म चालतो का ते तपासत होते,’ म्हणालात, आणि शेंगावाल्याशी घासाघीस करायला लागलात. डोळे जरा लाल दिसले. मी पाहिलं. धूळ असेल म्हणून सोडून दिलं.

चार दिवसांनी कुंडलहून विट्याला जाणाऱ्या गाडीत मला हौसाक्का भेटली. मी सगळं रीतसर सांगितलं. फॉर्म काढला तर मागून कंडक्टर म्हणाला, ‘काय ओ ताई, यष्टीत खानेसुमारी?’

‘तुमी तुमची तिकिटं फाडा,’ हौसाक्काने त्याला परस्पर पिटाळलं. मग गाठोडं मांडीवर घेऊन बोलायला लागली. ‘भावाकडं असलं की भावाचं बोलायचं. नवऱ्याकडं असलं की नवऱ्याचं. माझं म्हणून बोलायला ही यष्टीच गावली बगा.’

‘हिस्सा मागितला असतात तर काय झालं असतं?’

‘मिळाला असता की. कायदा हाय म्हणत्यात. आन् पंचमी गेली असती.’ ती खिडकीकडे तोंड करून बोलत होती. ‘वर्सातनं दोनदा त्या घरात मला आयती भाकरी मिळती, ताई. आयती! भावजय वाढती आन् मी खाती. तुमी हसू नका. बाईमाणसाला आयती भाकरी म्हंजे काय, ते तुमास्नी कळायचं न्हाई. तेच्यापायी सोडलं रान.’

‘म्हणजे खुशीने, की—’

‘लावला का रेडिओ परत!’ मग तिने मांडीवरच्या गाठोड्याची गाठ सोडून पुन्हा बांधली. भाळवणी गाव मागे पडल्यावर म्हणाली, ‘खुशी बी न्हाई आन् जबरी बी न्हाई. तेला तुमच्यात रकाना न्हाई व्हय?’

नव्हता, बाई. आपल्या फॉर्ममध्ये तसा रकाना नव्हता.

विट्याला उतरताना मी शेवटचा प्रश्न विचारला: आज कोणी पुन्हा कागद पुढे केला तर पुन्हा सही कराल का? ती पायरीवर थांबली. मागून लोक ओरडायला लागले. ‘मला कशाला इचारता? माझ्या लेकीला इचारा. तिला म्या सांगून ठिवलंय, तू सही करू नगंस.’ आणि गर्दीत गेली.

मी ते सगळं तुम्हाला सांगितलं तेव्हा तुम्ही दोनदा सांगायला लावलंत. दुसऱ्या खेपेला डोळे मिटून ऐकलंत.

आता भांडण. शेवटच्या प्रकरणाचा कच्चा मसुदा मी केला. त्यात लिहिलं, ‘ही संमती फसवी आहे.’ तुम्ही तांबड्या पेन्सिलीने ‘फसवी’भोवती गोल काढलात.

‘संमती फसवी म्हणालीस म्हणजे हौसाक्का फसली असं होतं. ती फसलेली नाही. एका पारड्यात रान, एका पारड्यात माहेर. तिने डोळे उघडे ठेवून तोललं.’

‘तिला तोलावं लागलं हेच चूक आहे, बाई. भावाला कुठे तोलावं लागतं? त्याला रानही मिळतं आणि बहीणही.’

‘हे चांगलं वाक्य आहे. हे लिही. ‘फसवी’ काढ.’

‘नाही काढणार.’

मी तुम्हाला पहिल्यांदाच नाही म्हटलं. तुम्हाला ते आवडलं असावं, कारण तुम्ही खुर्ची पुढे ओढलीत. अर्धा तास आपण भांडलो. तुम्ही म्हणत होतात, कायदा जमीन देऊ शकतो, आयती भाकरी देऊ शकत नाही, म्हणून धोरण लिहिणाऱ्याने आधी भाकरीचं नाव घ्यायला शिकावं. मी म्हणत होते, भाकरीचं नाव घेतलं की सगळे भाऊ सुटतील. आणि मग, मुद्दे संपल्यावर माणूस जे करतो ते मी केलं.

‘तुम्हाला काय कळणार, बाई? तुमच्यापुढे कधी कोणी कागद ठेवला नाही.’

तुम्ही पेन्सिलीला टोक करायला घेतलंत. टोक चांगलं होतं. ‘बरं,’ म्हणालात. आणि थोड्या वेळाने, ‘चहा घेऊन जा.’

मी चहा न घेता गेले.

तेराव्याला मी वाईला गेले. आबांना मी पहिल्यांदाच पाहत होते. तुमच्यासारखंच कपाळ. मला म्हणाले, ‘आक्का तुमचं लय सांगायची. म्हणायची, एक पोरगी हाय, बोलत न्हाई पर सगळं बघती.’ मग मला रान दाखवायला घेऊन गेले. हळदीची पानं कमरेएवढी झाली होती. बांधावर उभं राहून ते सहज बोलून गेले, कौतुकाने, डोळे पुसत. ‘हे अर्धं आक्काचं व्हतं बगा. वडील गेल्यावर सही द्यायला आपणहून आली, रजा काढून. मी म्हणलं, आक्का, राहू दे तुजं नाव. तर म्हणाली, नगं. असली बहीण मिळायला भाग्य लागतं.’

त्यांनी माझ्या हातात हळदीची पुरचुंडी दिली. ‘दर भाऊबीजेला न्यायची. ह्या वर्षी तुमी न्या.’

मी नमस्कार केला. त्या दिवशी माझ्या गप्प बसण्याचा कोणालाच काही उपयोग नव्हता.

गेल्या आठवड्यात प्रकरण लिहायला म्हणून तुमच्या टेबलाच्या खणातल्या फायली काढल्या. एस.टी.तल्या फॉर्मांच्या तळाशी एक घडी पडलेला फॉर्म निघाला. नंबर नाही, नाव नाही; मोजणीत धरलेला नाही. अक्षर तुमचं, गाडीच्या धक्क्यांनी वाकडं झालेलं. मुलाखतीचं ठिकाण: एस.टी., वाई ते सातारा. दिवस भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवसाचा. हक्कसोड केली का: होय. दबाव होता का: नाही. खुशीने का, या प्रश्नापुढे काही लिहून खोडलं आहे. हिस्सा मागितला असता तर काय झालं असतं, यापुढे तुम्ही लिहिलं आहे:

‘भावाने दिला असता. वहिनी काही बोलली नसती. पण घरच्या माणसाला नुसता कप हातात देतात. मला पुढच्या वेळी बशीसकट मिळाला असता.’

शेवटचा प्रश्न, पुन्हा सही कराल का, कोरा आहे. तिथे पेन्सिलीचा एक ठिपका आहे. टोक बराच वेळ टेकवून ठेवल्यासारखा.

म्हणजे हौसाक्काचं मी तुम्हाला सांगायच्या चार दिवस आधी तुम्ही हे लिहून ठेवलं होतं. मी ते दोनदा सांगितलं तेव्हा तुम्ही डोळे का मिटलेत, ते आता कळतं. आणि मी ते वाक्य बोलले तेव्हा हा फॉर्म तुमच्या टेबलाच्या खणात, माझ्यापासून हातभर अंतरावर होता. तुम्ही तो काढून माझ्यापुढे टाकू शकत होतात. वाद तिथेच जिंकला असतात. तुम्ही टोक असलेल्या पेन्सिलीला टोक केलंत. स्वतःचा अनुभव पुरावा म्हणून वापरायचा नाही, हे तुम्ही आम्हाला कधी शिकवलं नाहीत. ते नुसतं पाळलंत, एकटीने.

मी ते वाक्य मागे घेते, बाई. तुमच्यापुढेही तो कागद आला होता आणि मला काही माहीत नव्हतं.

प्रकरणातलं ‘फसवी’ मी काढलं आहे. भावाला तोलावं लागत नाही, हे वाक्य ठेवलं आहे. ते आता प्रकरणाचं पहिलंच वाक्य आहे. हौसाक्काने मागितलेला रकाना आखला आहे आणि एस.टी.तले सगळे फॉर्म त्याप्रमाणे पुन्हा लावते आहे. तिची लेकीबद्दलची ओळ जशीच्या तशी, तिच्या बोलीत, शेवटी घातली आहे. तुम्ही असतात तर म्हणाला असतात, अहवालात अशी बोली चालत नाही. आणि मग राहू दिली असतीत. एक सांगते, तुमचं मला अजून पूर्ण पटलेलं नाही. आबा चांगले आहेत म्हणून तर मला जास्त राग येतो. या वादाचं पुढे काय करायचं, हे कळत नाही. भांडायला कोणी राहिलं नाही.

तुमचा फॉर्म मोजणीत घेतलेला नाही. तुम्हीच बाहेर ठेवला होता, तो बाहेरच राहील. कोऱ्या जागेत मी काही लिहिलेलं नाही. उत्तर नसेल तर आपण भरायचं नाही, आणि दुसऱ्याने भरलेल्या फॉर्मवर खाडाखोड करायची नाही, हे तुम्हीच शिकवलंत. फक्त एका रकान्यावर माझी पेन्सिल थांबते. ‘ऐकण्याच्या अंतरावर कोण होते?’ यापुढे तुम्ही लिहिलं आहे, ‘कोणी नाही.’

बाई, त्या दिवशी मी साताऱ्याच्या स्टँडवर तुमचीच वाट पाहत होते. तुम्ही उतरलात, मी तुमचे डोळे पाहिले, आणि सांगलीपर्यंत तुमच्या शेजारी बसून शेंगा खाल्ल्या. मी एकदा विचारायला हवं होतं.